फरफ्युरल, 500 मिली: लेबलपेक्षा रंग बघा

उसाचा बगॅस किंवा दाणे काढलेली मक्याची कणसं सल्फ्युरिक आम्लासोबत वाफेवर तापवली की त्यातल्या पेंटोसनपासून (पाच कार्बनच्या साखरांची साखळी) झायलोज ही साखर सुटते. तिच्यातून पाण्याचे 3 रेणू गेले की फरफ्युरल हा द्रव तयार होतो. 150 ग्रॅम झायलोजपासून हिशेबाने 96 ग्रॅम, प्रत्यक्षात कमीच. फ्युरानचं वलय (चार कार्बन, एक ऑक्सिजन) आणि त्यावरचा अल्डिहाइड गट (CHO) दोन्ही आयते हातात येतात, ही याची खरी किंमत.

लेबलवर 99 टक्के असलं तरी बाटलीतला द्रव बहुधा कोऱ्या चहाच्या रंगाचा असतो. शुद्ध माल रंगहीन ते फिकट पिवळा हवा. हवेने फ्युरोइक आम्ल तयार होतं आणि तेच आम्ल उरलेल्या मालाचं रेझिन (चिकट राळ) करतं. त्यामुळे एकदा काळवंडायला लागला की माल झपाट्याने जातो. वजनाच्या 7 टक्के सोडियम कार्बोनेट घालून व्हॅक्यूमखाली डिस्टिल करा. पाऱ्याच्या 17 मिमी दाबाला 54–55 अंश सेल्सिअसवर येतो. साध्या दाबाला 162 अंश लागतात, तिथे तळाशी डांबर धरतं. सुरुवातीचे गढूळ थेंब पाण्याचे, ते वेगळे काढा. फ्लास्क कोरडा पडू देऊ नका.

मालाची पारख करायला त्यापासून फ्युरिलअॅक्रिलिक आम्ल बनवून बघणं उत्तम. त्याच दिवशी डिस्टिल केलेलं फरफ्युरल 8.3 मिली (9.6 ग्रॅम), मॅलोनिक आम्ल 10.4 ग्रॅम, पिरिडीन 4.8 मिली. कंडेन्सर लावून उकळत्या वॉटर बाथवर 2 तास. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघत राहतात. थंड करून पाणी घाला, अमोनियात विरघळवा, गाळा आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने अवक्षेप पाडा. वितळणबिंदू 141 अंश, उतारा 90 टक्क्यांच्या वर. तपकिरी माल तसाच वापरला तर गाळणकागद चिकटून बसतो आणि आम्लही मळकट येतं.

झाडापासून आलं म्हणून निरुपद्रवी समजू नका. वाफ विषारी आहे, द्रव त्वचेतून शरीरात जातो आणि साधे नायट्रिल हातमोजे फार वेळ टिकत नाहीत. ब्युटिल रबरचे घ्या, काम फ्यूम हूडमध्येच करा. वरच्या कृतीतलं पिरिडीनही सांडपाण्यात जाऊ देऊ नका. कच्चा माल शेतातला असला तरी तेवढ्याने प्रक्रिया हरित ठरत नाही.

महिन्याला दोन-चार प्रयोग असतील तर 500 मिली घेऊ नका, 100 मिली पुरे. नायट्रोजन भरून, तपकिरी काचेत, फ्रिजमध्ये ठेवा आणि झाकणावर उघडल्याची तारीख टाका.