बाळ येणार आणि कंपनीही वाढतेय: पूर्ण सुट्टी, अर्धा दिवस की घरूनच काम?

मागच्या वर्षभरात आमच्याच धंद्यातल्या चार जणांनी फोन करून एकच गोष्ट विचारली. बायकोला सातवा महिना लागलाय, माणसं आठाची चौदा झालीत, मोठा क्लायंट दारात उभा आहे, तर बाळ आल्यावर महिनाभर पूर्ण सुट्टी घेऊ, काही महिने अर्धाच दिवस जाऊ, की लॅपटॉप घेऊन सरळ घरीच बसू? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगितलं, म्हणून आता एकदाच नीट लिहून ठेवतोय.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. पुण्यात आमची क्लाउड आणि डेटाची कन्सल्टिंग कंपनी आहे, मुलगी झाली तेव्हा आम्ही चौदा जण होतो, क्लायंट म्हणाल तर चाकणचे दोन ऑटो पार्टवाले, एक लंडनचा, एक न्यू जर्सीचा. बायको बँकेत. पहिले पाच आठवडे मी घरून पूर्णवेळ काम केलं, त्यानंतर चार महिने अर्धा दिवस. पूर्ण सुट्टी मी घेतली नाही, पण नाशिकला माझा कॉलेजचा मित्र सॉफ्टवेअर टेस्टिंगची कंपनी चालवतो त्याने घेतली आणि त्याचं सगळं मी जवळून बघितलंय.

एक गोष्ट पक्की समजून घ्या, मालकाला रजा मंजूर करणारं कोणी नसतं. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात, खाजगी नोकरीत कायद्याने काहीच नाही, कंपनीच्या मर्जीवर आहे. आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, २०१७ च्या दुरुस्तीपासून, आणि १० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला ते लागू होतं, म्हणजे तुमची माणसं दहाच्या वर गेली असतील तर तुमच्याकडच्या मुलींना ते तुम्ही द्यायचेच आहेत. आमच्याकडे बाप होणाऱ्यांसाठीपण १५ दिवस लिहून ठेवलेत. ते मी स्वतः घेतले नाहीत, आणि ते चुकलं.

आता घरून पूर्णवेळ काम, कारण सगळ्यांना आधी हेच सुचतं. वाटतं की बाळाजवळ राहू, कामही होईल, प्रवासाचे दोन तास वाचतील. मलाही तसंच वाटलं होतं. टू बीएचके, दार लावून मी आतल्या खोलीत, बाहेर बायको, सासूबाई, मालीशवाल्या मावशी आणि बाळ. दर दोन-तीन तासांनी दूध, म्हणजे दिवस-रात्र धरून आठ ते बारा वेळा, आणि प्रत्येक वेळी ढेकर काढणं, दुपटं बदलणं, परत झोपवणं. तुम्ही घरात आहात हे सगळ्यांना माहीत असतं त्यामुळे हाक येतेच, आणि यायलाच हवी, पण तुम्ही कॉलवर असता म्हणून दार उघडत नाही, मग बायको हाक मारायचंच सोडून देते. तिसऱ्या आठवड्यात बायको मला म्हणाली, तू ऑफिसला गेलेला परवडलास, निदान येशील कधीतरी अशी वाट तरी बघता येते. ते वाक्य मी विसरणार नाही. कामाचंही तेच, चाकणच्या एका क्लायंटचं डेटा मायग्रेशन (जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिमवर हलवणं) रात्रीचं ठरलं होतं, त्यात एक कटओव्हरची, म्हणजे नव्या सिस्टिमवर जायची, पायरी मी झोपेच्या तारेत चुकीच्या क्रमाने अप्रूव्ह केली, पहाटे टीमने रोलबॅक केला, म्हणजे सगळं परत पहिल्यासारखं केलं, म्हणून निभावलं. घरून काम वाईट नाही, पण दाराला कडी लावून आठ-नऊ तास बसणं आणि बाळाजवळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीनही पर्यायांत मी हा सगळ्यात खाली ठेवीन.

पूर्ण सुट्टीचा पर्याय याच्या अगदी उलटा. फोन बंद, मेलला आपोआप उत्तर, महिनाभर तुम्ही नाहीच. यात मोठा फायदा असा की टीम खरंच शिकते. नाशिकच्या मित्राच्या हाताखालची मुलगी त्या एका महिन्यात क्लायंटशी पैशाचं बोलायला शिकली, आधी तीन वर्षं ती प्रत्येक मेल त्याला दाखवून पाठवायची. अर्ध्या दिवसात हे होत नाही, कारण साहेब दुपारपर्यंत आहेत म्हटल्यावर सगळे निर्णय दुपारपर्यंत थांबून राहतात.

पण तो महिना कुठला घ्यायचा यात बहुतेकांची गफलत होते, त्याचीही झाली. सगळे जन्मापासून पुढचा महिना घेतात. आपल्याकडे बघा, बाळंतपणानंतर पहिला सव्वा महिना घरात माणसंच माणसं असतात. आई, सासू, मावशी, शेक-शेगडीला कोणीतरी, डिंकाचे-अळिवाचे लाडू करणारं कोणीतरी, बारशाला तर सगळं गोत. सव्वा महिना झाला की एकेक जण आपापल्या घरी जातं. आणि बाळाचं रडणं सगळ्यात जास्त असतं ते साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास, तेही संध्याकाळी, ते आमच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पहिली मोठी लस पण सहाव्या आठवड्याचीच, त्या रात्री ताप. म्हणजे घर रिकामं होतं आणि बाळ सगळ्यात जास्त रडतं ते एकाच वेळी, आणि नेमका तेव्हाच माझा मित्र ताज्या दमाने ऑफिसला परत गेला होता. म्हणून पूर्ण सुट्टी घेणार असाल तर तोडून घ्या, पहिले आठ-दहा दिवस (दवाखाना, कावीळ बघणं, २१ दिवसांच्या आत जन्मनोंदणी होतेय ना ते बघणं), मग दोन-तीन आठवडे ऑफिस, आणि पाचव्या आठवड्यापासून परत तीन आठवडे घरी. त्याच काळात बायकोकडे लक्ष द्यायला तुम्ही जागेवर असता. पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं, उदास वाटणं बऱ्याच जणींना होतं आणि ओसरतं, पण दोन आठवड्यांनंतरही ते राहिलं तर घरातल्या कोणी काहीही म्हणो, डॉक्टरांना दाखवा. रात्री तिच्याजवळ तुम्ही असता, ते आधी तुमच्याच लक्षात येणार.

अर्धा दिवस हा माझा पर्याय, आणि बहुतेकांना मी हाच सांगतो, एका अटीवर, की कुठला अर्धा ते आधी ठरवा. इथे सगळं घड्याळावर आहे. न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. म्हणजे त्यांची सकाळची मीटिंग आणि आपली तिन्हीसांज एकच. बाळ ज्या वेळेला सगळ्यात जास्त रडतं, बायको ज्या वेळेला दिवसभराने पार गळून गेलेली असते, त्याच वेळेला तुम्ही हेडफोन लावून बसणार. कॅलिफोर्नियाचा क्लायंट असेल तर त्यांचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा, त्यात रात्रच गेली. लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे आपली दुपार, दीड किंवा अडीच, हा क्लायंट बाळाच्या बापाला सगळ्यात चांगला. चाकणवाले आपल्याबरोबरच चालतात, फक्त त्यांना माणूस समोर हवा असतो आणि चाकणला जाऊन यायला अर्धा दिवस तिथेच संपतो.

मी सकाळी साडेआठ ते अडीच ऑफिसमध्ये असायचो, अडीचनंतर लॅपटॉप ऑफिसमध्येच ठेवून घरी. लॅपटॉप घरी आणायचा नाही हे सगळ्यात अवघड गेलं आणि त्यानेच सगळं टिकलं. न्यू जर्सीच्या कॉल आमच्या सिनिअर आर्किटेक्टकडे (सिस्टिमची रचना ठरवणारा आमचा इंजिनिअर) दिल्या, त्याचा पगार त्या महिन्यापासून वाढवला, आणि क्लायंटला स्पष्ट सांगितलं की आता निर्णय हाच घेईल. पहिले दोन आठवडे क्लायंट मलाच मेल करत राहिला, मी उत्तर न देता आर्किटेक्टकडे पाठवत राहिलो, तिसऱ्या आठवड्यापासून मला मेल यायची थांबली. ज्यांच्याकडे असा दुसरा माणूसच नाही, सगळे ज्युनिअर आहेत, त्यांना अर्धा दिवस जमणार नाही हे मी सरळ सांगतो, त्यांनी आधी तो माणूस उभा करावा, बाळ यायच्या निदान तीन महिने आधी, कारण नवीन सिनिअर माणसाचा नोटीस पिरियडच दोन-तीन महिने असतो.

पैशाच्या बाजूने बघितलं तर कुठला पर्याय झेपेल हे बरंचसं तुमच्या काँट्रॅक्टवर आहे. फिक्स्ड प्राइसची, म्हणजे आधीच ठरलेल्या एकरकमी पैशांची, कामं हातात असतील तर पूर्ण सुट्टी घेऊ नका, कारण स्कोप (ठरलेलं काम) वाढला की नाही, वाढीव पैसे मागायचे की नाही हे शेवटी मालकालाच ठरवावं लागतं आणि तुम्ही नसताना टीम बिचारी सगळ्याला हो म्हणते. तासावर बिल होणारी कामं बरी. महिन्याचा रिटेनर, म्हणजे दर महिन्याची ठरलेली फी, सगळ्यात बरा, तुम्ही असा-नसा बिल जातं. मी बाळ यायच्या आधी दोन फिक्स्ड प्राइस कामं रिटेनरवर वळवली, थोडे कमी पैसे घेऊन, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. तीन महिन्यांचे पगार बँकेत बाजूला ठेवा. आणि उद्यम नोंदणी (छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल केली तर करून घ्या, सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे हा कायदा आहे, मोठ्या कंपनीच्या अकाउंट्सवाल्याशी बोलताना त्याचा उपयोग होतो, आणि ते बोलणं तुमच्या जागी दुसरा कोणी करणार असेल तर जास्तच होतो.

मोठा नवीन क्लायंट घ्यायचा का, हेही सगळे विचारतात. माझं मत, बाळाच्या पहिल्या चार महिन्यांत सुरू होणारं काम घेऊ नका. सुरुवातीचे सहा-आठ आठवडे क्लायंटला मालक समोर हवा असतो, त्यात दुसरा माणूस चालत नाही. तारीख पुढे ढकलून मागा. मी मागितली, एक जण थांबला, एक गेला. तो गेल्याचं आमचं नुकसान खरंच झालं, वर्षाच्या धंद्याचा आठवा हिस्सा होता, पण ते काम घेतलं असतं तर ते मला करता आलं नसतं हेही तितकंच खरं.

माहेरचं काय? पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत, बायकोचं माहेर सांगली, पुण्याहून पाच तास. बरेच जण म्हणतात बरंय की, ती दोन-तीन महिने तिकडे, तू इकडे कंपनी सांभाळ, शनिवार-रविवार जाऊन ये. कंपनीच्या दृष्टीने हा सगळ्यात सोपा पर्याय आहे हे मान्य. पण नाशिकच्या मित्राची सुट्टी संपल्यावर बायको-बाळ माहेरी गेले, परत आले तेव्हा बाळ तीन महिन्यांचं होतं, आणि त्याला लंगोट बांधण्यापासून सगळं तेव्हा नव्याने शिकावं लागलं, शिवाय बाळ त्याच्याकडे आलं की रडायचं. आम्ही उलटं केलं, सासूबाईंनाच पुण्याला आणलं. त्यांना शहरात करमत नव्हतं, सासरे तिकडे एकटे, हे ओझं त्यांनी आमच्यासाठी उचललं, त्याची जाणीव ठेवून बोला-वागा. माहेरी जायचं की नाही हे बायकोनेच ठरवायचं, तुमच्या कॅलेंडरने नाही.

कुठलाही पर्याय घ्या, एक काम आधी करा. कंपनीच्या सगळ्या चाव्या तुमच्या एकट्याच्या फोनमध्ये आहेत का ते बघा. महिन्याच्या शेवटच्या तारखेला मी लेबर रूमबाहेर उभा होतो आणि पगाराचा ओटीपी माझ्या फोनवर, फोनची बॅटरी संपलेली, चौदा जणांचे पगार दोन दिवस उशिरा झाले. त्यात दोघांचे घराचे हप्ते बाउन्स झाले, ते मी नंतर भरून दिले. बँकेत पेमेंट टाकणारा एक आणि मंजूर करणारे दोन अशी सोय करून घ्या, क्लाउडच्या रूट अकाउंटचं (सगळे अधिकार असलेलं मुख्य खातं) दुसरं एमएफए, म्हणजे पासवर्डनंतरच्या दुसऱ्या पडताळणीची सोय, भागीदाराकडे, डोमेनचं (वेबसाइटच्या नावाचं) रिन्युअल ऑटोवर. आणि ७ तारखेचा टीडीएस, ११ आणि २० चे जीएसटी रिटर्न हे सीएला सांगून ठेवा की मला विचारायला थांबू नका.

एकट्याने फ्रीलान्सिंग करणाऱ्यांना यातलं बरंचसं लागू नाही, त्यांनी सरळ एक क्लायंट कमी करावा आणि दोन महिने खर्चाचे पैसे साठवावेत.

क्लायंटला कसं सांगायचं यावर लोक फार अडतात, म्हणून मी आठव्या महिन्यात पाठवलेला मेल इथे देतो: "पुढच्या महिन्यात आमच्या घरी बाळ येणार आहे. त्यानंतर साडेचार महिने मी दुपारी अडीचपर्यंतच उपलब्ध असेन. त्यानंतरचे निर्णय आमचे आर्किटेक्ट घेतील, त्यांचा नंबर खाली आहे. कामाच्या तारखांमध्ये बदल नाही." यातलं पहिल्या दिवसापासूनचं वचन मी पाळलं नाही, पाच आठवडे घरात दार लावून बसलो, ते वर सांगितलंच. पण मेल मात्र बरोबर होता. लंडनहून दुसऱ्या दिवशी अभिनंदन आलं, न्यू जर्सीवाल्याने आर्किटेक्टबरोबर एक ओळखीची कॉल मागितली. चाकणच्या साहेबांनी उत्तरात एवढंच विचारलं की डिलिव्हरी पुण्यात की माहेरी, आणि दर गुरुवारची संध्याकाळी पाचची मीटिंग स्वतःहून सकाळी अकराला आणली.