हिवाळी मिठापासून गाडीचे संरक्षण: वॅक्स, सिरॅमिक, पीपीएफ, चाके आणि अंडरबॉडी यांचा तुलनात्मक आढावा

बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकले जाते अशा प्रदेशात हिवाळा तोंडावर आला की गाडीमालकासमोर वॅक्स, सीलंट, सिरॅमिक कोटिंग, पारदर्शक संरक्षक फिल्म, हिवाळी चाकांचा वेगळा संच, अंडरबॉडीवरचा, म्हणजे गाडीच्या पोटावरचा, फवारा असे अनेक पर्याय एकदमच येऊन पडतात. त्यांची तुलना बहुधा ‘चमक किती दिवस टिकते’ या एकाच निकषावर केली जाते, आणि मिठाच्या बाबतीत नेमका हाच निकष सर्वांत कमी उपयोगाचा आहे. धडधाकट रंगावर मिठाचा परिणाम फारसा होत नाही. खडी लागून रंगाचा टवका उडालेली जागा, पत्र्यांचे सांधे, चाक आणि हब (चाक ज्यावर बसवले जाते तो भाग) यांच्यामधली फट आणि गाडीचा पोटाखालचा भाग ही त्याची खरी कार्यक्षेत्रे आहेत. त्यामुळे एखादा पर्याय घेण्यापूर्वी तो यांपैकी कोणती जागा झाकतो, हे पाहावे.

मीठ काय करते, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर बेतलेले आहेत. लोखंड गंजण्यास पाणी आणि ऑक्सिजन पुरेसे असतात. मीठ त्या पाण्याची विद्युतवाहकता वाढवते आणि त्यातील क्लोराइड धातूवरचा नैसर्गिक संरक्षक थर फोडते, म्हणून गंजण्याची गती वाढते. साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, उणे ९ अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंतच नीट काम देते. त्याहून कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरले जाते, आणि गाडीच्या दृष्टीने हे दोन्ही अधिक त्रासदायक आहेत. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या खाली गेली की साधे मीठ कोरडे पडते. हे दोन क्षार मात्र तेहतीस-पस्तीस टक्के आर्द्रतेतही हवेतले पाणी ओढून घेऊन ओलेच राहतात. आपल्या भागात द्रवरूप क्षार फवारला जात असेल, तर गाडी वरून कोरडी दिसत असतानाही तिच्या सांध्यांत ओल असते, हे गृहीत धरावे. त्यातच गाडी मीठ न धुता उबदार गॅरेजमध्ये उभी केली, तर बर्फ वितळतो, तापमान वाढते आणि बाहेरच्या थंडीत मंदावलेली प्रक्रिया रात्रभर जोमाने चालते.

रंगावरचे पर्याय

कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते आणि त्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ४०-५० मायक्रॉनचा असतो. हा थर अखंड असेपर्यंत मिठाचे पाणी पत्र्यापर्यंत पोहोचत नाही. कार्नोबा वॅक्स दिसायला सुंदर असते आणि घरच्या घरी लावता येते. परंतु हिवाळ्यात वारंवार धुणे आणि तीव्र अल्कधर्मी फोम यांपुढे ते काही आठवड्यांत संपते. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट तितकेच सोपे असून सामान्यतः चार-सहा महिने टिकते, म्हणजे शरद ऋतूत एकदा नीट लावले तर हिवाळा निघून जातो. या दोघांत निवड करायची असेल तर मी सीलंटच निवडेन. वॅक्सची ऊबदार झळाळी मिठाच्या पांढऱ्या सायीखाली तशीही दिसत नाही.

सिरॅमिक कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा किंवा त्याहूनही पातळ असतो. पाणी आणि चिखल त्यावर फार चिकटत नाहीत, धुण्याच्या रसायनांना ते दाद देत नाही आणि चांगल्या तयारीने लावले तर दोन ते पाच वर्षे टिकते. गाडी धुताना कमी घासावे लागते, हा त्याचा खरा लाभ आहे, कारण हिवाळ्यात रंगावर जे बारीक वर्तुळाकार ओरखडे दिसतात ते मिठाचे नसून मिठात मिसळलेली वाळू कापडाखाली फिरवल्याचे असतात. मात्र एवढा पातळ थर खडीचा मारा अडवू शकत नाही. तसा दावा कोणी केला तर तो सोडून द्यावा. शिवाय कोटिंगपूर्वी रंग पॉलिश करावा लागतो आणि नंतर ते पक्के होईपर्यंत गाडी काही काळ उबदार, कोरड्या जागेत ठेवावी लागते. म्हणून पहिले मीठ पडल्यावर घाईघाईने ते लावून घेण्यात अर्थ नाही.

खडीविरुद्ध खरोखर काम करते ती पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म, जिला व्यवहारात पीपीएफ म्हणतात. तिची जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे संपूर्ण रंगाहूनही जास्त असते, आणि हा फरक निर्णायक आहे. तथापि सबंध गाडी फिल्मने मढवणे हा महागडा आणि बऱ्याच अंशी अनावश्यक खर्च ठरतो. पुढच्या चाकांमागचा दरवाजाखालचा पट्टा, मागच्या चाकाच्या कमानीची पुढची कड, बॉनेटची पुढची धार आणि पुढचा बंपर एवढ्या जागांवर चाकांनी उडवलेली आणि समोरून येणारी बहुतेक खडी आदळते. तेवढाच भाग झाकला तरी चांगला बचाव होतो. फिल्म लावण्यापूर्वी जुने टवके टचअपने बुजवले पाहिजेत आणि नव्याने मारलेला रंग पूर्ण वाळला असला पाहिजे. एरवी ओल आणि गंज फिल्मच्या आत बंद होतात. साधे मडफ्लॅप या सर्वांच्या तुलनेत अतिशय स्वस्त असून त्याच पट्ट्याचे बऱ्यापैकी रक्षण करतात, परंतु ते दिसायला साधे म्हणून अनेकजण ते टाळतात.

चाके

निवड चुकली तर सर्वाधिक मनस्ताप देणारा भाग हाच आहे. अॅलॉय चाक अॅल्युमिनियमचे असल्याने ते लोखंडासारखे तांबडे गंजत नाही, पण क्लोराइडमुळे त्यावर पांढरी बुरशीसारखी भुकटी धरते आणि खड्डे पडतात. यात सर्वांत नाजूक प्रकार डायमंड कट चाकांचा. त्यांचा दर्शनी भाग लेथवर कातून चकचकीत केलेला असतो आणि त्यावर केवळ पारदर्शक लॅकर असते. कातल्यामुळे राहिलेल्या तीक्ष्ण कडांवर हे लॅकर पातळ बसते. फुटपाथला घासून किंवा बॅलन्सिंगचे वजन ठोकताना ते एका बिंदूला जरी फुटले, तरी तिथून लॅकरच्या खाली केसाएवढ्या बारीक, वाकड्यातिकड्या, दुधाळ रेषा पसरू लागतात. नखाने चाचपून पाहिले तर वरचा पृष्ठभाग गुळगुळीतच लागतो, कारण जे चालले आहे ते लॅकरखाली चालले आहे. एकदा हे सुरू झाले की वरून सिरॅमिक लावून ते थांबत नाही. चाक पुन्हा कातून लॅकर द्यावे लागते, आणि दर वेळी धातू कमी होत असल्याने हे मोजक्याच वेळा करता येते.

त्यामानाने रंगवलेली अॅलॉय चाके, विशेषतः ६० ते १०० मायक्रॉनचा पावडर कोट दिलेली, मिठात पुष्कळ बरी टिकतात. क्रोमचा मुलामा असलेली चाके मात्र हिवाळ्यात वापरूच नयेत. मुलाम्यातील सूक्ष्म छिद्रांतून क्षार आत गेला की खालचा धातू खाल्ला जातो आणि क्रोम पापुद्र्यांनी सुटते. साधी पोलादी चाके गंजतात हे खरे. परंतु गंज सहसा पृष्ठभागावर आणि समोर दिसणारा असतो, तारेच्या ब्रशने घासून पुन्हा रंग देता येतो आणि खड्ड्यात आदळल्यावर ती तडकण्यापेक्षा वाकतात. बऱ्याचदा त्यांचे वजन अधिक असते आणि मोठ्या आकारात ती सहज मिळत नाहीत. घेण्यापूर्वी ब्रेकच्या कॅलिपरला ती अडत नाहीत ना, आणि टायरमधील दाब मोजणारे सेन्सर त्यांत बसतात ना, हे तपासावे. ज्यांना हिवाळी टायर घ्यायचेच आहेत, त्यांनी ते वेगळ्या पोलादी किंवा पावडर कोटच्या चाकांवर कायमचे चढवून घ्यावेत आणि डायमंड कट चाके उन्हाळ्यापुरती राखून ठेवावीत. चाकांवरील सिरॅमिक कोटिंगने ब्रेकची धूळ सहज निघते, एवढ्यासाठी ते घ्यायला हरकत नाही. मिठावरचा उपाय म्हणून त्यावर विसंबू नये.

दर्शनी भागापेक्षा चाकाची मागची बाजू अधिक लक्ष मागते. अॅल्युमिनियमचे चाक आणि लोखंडी हब यांच्यामध्ये खारे पाणी शिरले की दोन भिन्न धातूंची जणू बॅटरीच तयार होते; अॅल्युमिनियम खाल्ले जाते आणि त्यातून तयार होणारा पांढरा क्षार मूळ धातूहून अधिक जागा व्यापत असल्याने चाक हबला घट्ट चिकटते. सर्व नट काढल्यानंतरही जे चाक रबरी हातोडीशिवाय सुटत नाही, त्याचे कारण हेच असते. टायर जिथे रिमला टेकते त्या कडेवर अशीच पांढरी खपली धरली की हवा हळूहळू उतरत राहते आणि पंक्चर मात्र सापडत नाही. उपाय साधा आहे. चाके बदलताना हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करावा आणि उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत मनाई नसल्यास मधल्या उंच कड्यावर अँटी-सीझ, म्हणजे धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या, पेस्टचा अगदी पातळ हात द्यावा. नट-बोल्टच्या आट्यांना ती लागू देऊ नये, कारण त्यामुळे घर्षण घटते आणि टॉर्क पान्यावर, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला हे दाखवणाऱ्या पान्यावर, आकडा बरोबर दिसत असूनही बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. चाके बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासावा.

गाडीचे पोट

आजच्या गाड्यांना इलेक्ट्रोकोट (विजेच्या साहाय्याने बसवलेला रंगाखालचा थर) आणि जस्तलेपित पत्रा यांचे पाठबळ असते. ऑडीने १९८६ मध्ये आणलेल्या ऑडी ८० ला पूर्ण जस्तलेपित सांगाडा दिला होता. जस्त स्वतः झिजून पोलाद वाचवते. असे असले तरी कापलेल्या कडा, वेल्डिंग, सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारी चौकट) आणि ब्रेकच्या नळ्या गंजतातच, आणि ब्रेकची नळी गंजणे हा सौंदर्याचा नव्हे तर जिवाचा प्रश्न आहे.

इथे मुख्य तुलना तिहेरी आहे. तेल किंवा लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतून मिळणारा मेणासारखा पदार्थ) यांवर आधारित फवारा सांध्यांत आत झिरपतो, ओल बाहेर ढकलतो आणि हलका गंज असलेल्या जुन्या गाडीवरही चालतो; पण तो दरवर्षी नव्याने मारावा लागतो, काही दिवस ठिबकतो आणि पेट्रोलियम तेलाचा असल्यास काही रबरी भागांना फुगवतो. मेणावर आधारित लेप अधिक टिकतो आणि पोकळ भागांच्या आत मारण्यास योग्य असतो, मात्र त्यासाठी पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा हवा. रबर किंवा डांबराचा जाड लेप खडीचा आणि आवाजाचा मारा शोषतो. परंतु कालांतराने तो कडक होऊन तडकतो, तड्यांतून शिरलेले खारे पाणी त्यामागे अडकते आणि आत काय चालले आहे ते तपासणीतही दिसत नाही. जुन्या, गंज लागलेल्या गाडीवर तो मारणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय. नवी गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल तर मेण, आणि पाच-सात वर्षे जुनी असेल तर दरवर्षी लॅनोलिन, असे माझे मत आहे. कोणताही फवारा ब्रेक डिस्क आणि एक्झॉस्टवर पडू नये आणि दरवाजांखालची पाणी निघण्याची छिद्रे त्याने बुजू नयेत. पोकळ भागांत फवारा पोहोचवण्यासाठी नवी छिद्रे पाडावी लागत असतील, तर गंजाच्या वॉरंटीची अट आधी वाचावी. ही वॉरंटी बहुधा पत्रा आतून गंजून आरपार भोक पडल्यासच लागू होते.

इलेक्ट्रॉनिक गंजरोधक म्हणून विकली जाणारी छोटी पेटी या तुलनेत घेण्याचे कारण नाही. विद्युतप्रवाहाने गंज रोखण्याचे तंत्र जहाजांना आणि जमिनीत पुरलेल्या नळांना लागू पडते, कारण ते सलग पाण्यात किंवा ओल्या मातीत असतात. हवेत उभ्या असलेल्या गाडीभोवती तसा सलग माध्यमच नसतो.

लेपांच्या जाहिरातींत सॉल्ट स्प्रे चाचणीचे तास ठळकपणे छापलेले असतात. आयएसओ ९२२७ या मानकानुसार ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाचे धुके नमुन्यावर सतत सोडले जाते. तिथे ओले-कोरडे चक्र नसते आणि खडीही नसते. म्हणून ‘अमुक हजार तास’ यावरून ‘अमुक हिवाळे’ असा हिशेब मांडता येत नाही.

धुणे आणि वेळापत्रक

धुण्याला पर्याय नाही, आणि त्यात वारंवारतेपेक्षा जागा महत्त्वाची आहे. चाकांच्या कमानींच्या आत आणि पोटाखाली भरपूर पाण्याचा झोत मारल्याशिवाय केलेली धुलाई दिखाऊ ठरते. ब्रशच्या स्वयंचलित केंद्रापेक्षा स्पर्शविरहित केंद्र रंगाला बरे, परंतु त्यातील तीव्र रसायन वॅक्स लवकर उतरवते. तिथे नियमित जाणाऱ्याला सिरॅमिकचा खर्च परवडू शकतो. उघड्या अॅल्युमिनियमच्या चाकांवर आम्लयुक्त क्लीनर वापरू नये. तापमान शून्याच्या वर असलेला दिवस निवडावा, आणि परतताना हलके ब्रेक दाबत डिस्क वाळवावी, म्हणजे रात्री पॅड गोठून चिकटत नाहीत.

गाडी भाडेकरारावर असून दोन-तीन वर्षांत परत करायची असेल, तर सीलंट, मडफ्लॅप आणि नियमित धुलाई एवढे पुरे. अंडरबॉडीवरचा खर्च पुढच्या मालकाच्या खिशात जातो. दहा वर्षे ठेवायची असेल तर हाच क्रम उलटा करावा: आधी पोट, मग हिवाळी चाके, मग खडीच्या पट्ट्यापुरती फिल्म, आणि पैसे उरले तरच सिरॅमिक. अंडरबॉडीचे काम शरद ऋतूतील कोरड्या दिवसांत, पहिले मीठ पडण्यापूर्वी उरकावे. वसंतात शेवटचे मीठ पडून गेल्यावर पोट एकदा सावकाश, भरपूर पाण्याने धुऊन काढावे आणि त्याच आठवड्यात गाडीभोवती फिरून नवे टवके टचअपने बुजवून घ्यावेत, कारण सांध्यांत उरलेला क्षार उन्हाळ्याच्या दमट, उबदार हवेत हिवाळ्यापेक्षा वेगाने काम करतो.