फुगणारा रंग की सिमेंटी थर?

पोलाद जळत नाही, पण साधारण 550 अंश सेल्सिअसला त्याची ताकद निम्म्यावर येते आणि तुळई वाकू लागते. आग लागल्यावर लोकांना इमारतीबाहेर पडायला वेळ मिळावा, म्हणूनच पोलादी खांब-तुळयांवर हे आगरोधक लेप.

फुगणारा रंग दिसतो साध्या रंगासारखा, जाडी जेमतेम काही मिलिमीटर. तापमान 200 अंशांच्या पुढे गेलं की तो फुगतो आणि खांबाभोवती कोळशासारखा काळा, सच्छिद्र फेस तयार होतो. तोच उष्णता अडवतो. उघड्या, नजरेसमोरच्या खांबांना मी हाच निवडेन. मात्र सुकलेल्या थराची जाडी जागोजागी मोजायलाच हवी. सडपातळ खांब लवकर तापतो, त्याला थर जास्त लागतो. हे मोजमाप टाळणं म्हणजे जिवाशी खेळ.

सिमेंट किंवा जिप्समात व्हर्मिक्युलाइट (तापवून फुलवलेलं हलकं खनिज) मिसळून फवारलेला थर खडबडीत, बोटभर जाड. दिसायला ओबडधोबड, पण स्वस्त, आणि 4 तासांपर्यंतचं संरक्षण देऊ शकतो. छताआड झाकलेल्या तुळयांना उत्तम. फक्त नंतर पाइप किंवा वायर टाकताना कोणी तो खरवडला, तर तेवढं पोलाद उघडं पडतं. ती जागा त्याच दिवशी भरून घ्या.