राइडनंतरचा शेक: चार डबे संपवल्यावर

शनिवारी सायकलवर नव्वद ते शंभर किलोमीटर आणि रविवारी सकाळी पुन्हा साठ, त्यातले निम्मे चढाचे, असं माझं वेळापत्रक आहे. वय ५१, वजन ५८ किलो. गेल्या मोसमात राइडनंतर घ्यायच्या प्रोटीन शेकचे चार वेगवेगळे डबे मी स्वतःच्या पैशांनी आणले आणि प्रत्येक पूर्ण संपवला. नेहमीच्या राइडवर, नेहमीच्या झोपेवर. त्याचा हा अनुभव.

पहिला डबा व्हे कॉन्सन्ट्रेटचा (व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रोटीन), चॉकलेट चवीचा. दुकानात सगळ्यात पुढे तोच मांडलेला असतो. एका स्कूपला, म्हणजे डब्यातल्या मापाच्या चमच्याला, २४ ग्रॅम प्रोटीन आणि ३ ग्रॅम कार्ब्स, म्हणजे पिष्ट आणि साखर. शनिवारी घरी पोचले की सायकल भिंतीला टेकवायची आणि हेल्मेट डोक्यावर असतानाच पाण्यात कालवलेला शेक संपवायचा. पोट भरल्यासारखं व्हायचं, त्यामुळे पुढचे तीन-चार तास जेवणाची आठवण यायची नाही. आणि रविवारी पहिल्याच चढावर पाय गळून जायचे. दुखत नव्हते, ठणकत नव्हते, फक्त त्यांत काही शिल्लक नव्हतं. मी प्रोटीन कमी पडतंय असं समजून दीड स्कूप घ्यायला लागले. भूक आणखी मेली, रविवार आणखी वाईट गेला.

दुखरे पाय आणि रिकामे पाय यांतला फरक मला तेव्हा नीट कळला. धावताना पाय जमिनीवर टेकतो तेव्हा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, म्हणून त्याच्या तंतूंना जास्त इजा होते. पॅडल दाबताना स्नायू आखडत जोर लावतो, त्यामुळे इजा त्या मानाने बरीच कमी. सायकलवर मुख्यतः संपतो तो ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेचा साठा. स्नायूंत सुमारे चारशे-पाचशे ग्रॅम आणि यकृतात शंभरेक ग्रॅम, एवढीच ही शिदोरी. ती पुरती रिकामी झाली तर व्यवस्थित खाऊनही भरायला साधारण २४ तास लागतात, आणि ती भरते कार्ब्सनी. मी मात्र जेवणाच्या जागी ३ ग्रॅम कार्ब्सचा शेक बसवला होता. डबा चांगला होता. वजनं उचलणाऱ्याची गरज ओळखून केलेला होता, माझी गरज वेगळी होती.

म्हणून दुसरा डबा खास रिकव्हरीचा घेतला. यात कार्ब्स आणि प्रोटीन तीनास एक: ५० ग्रॅम पावडरीत ३३ ग्रॅम कार्ब्स, ११ ग्रॅम प्रोटीन. फरक पहिल्याच रविवारी जाणवला, चढावर शेवटपर्यंत बसून लय धरता आली. पण ११ ग्रॅम प्रोटीन मला पुरत नाही. व्यायामानंतर एका वेळी वजनाच्या दर किलोमागे पाव ग्रॅम, म्हणजे बहुतेकांना २० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हा सर्वसाधारण हिशेब आहे. वय वाढेल तसा स्नायूंचा प्रतिसाद मंदावतो, म्हणून मी किलोमागे ०.४ ग्रॅम धरते आणि २३ ग्रॅमपर्यंत जाते. त्यासाठी या डब्यातले दोन डोस घ्यावे लागले असते आणि ते इतकं गोड होतं की एक संपवतानाच घशाशी यायचं. शिवाय असा डबा तास-दीड तासाच्या संथ राइडनंतर उघडायचं कारणच नाही. तेवढ्याला पुढचं जेवण पुरतं.

तिसरा व्हे आयसोलेट. कॉन्सन्ट्रेटमध्ये प्रोटीन साधारण ७० ते ८० टक्के असतं, आयसोलेटमध्ये नव्वदच्या घरात, आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, फारच थोडं. पाण्यात चटकन विरघळतो, गाठी होत नाहीत, पोटाला हलका. माझ्याबरोबर राइडला येणाऱ्या मैत्रिणीला दुधाने पोट फुगण्याचा त्रास आहे, तिने हा घेतला आणि तिचे शनिवार सुधारले. मला दूध पचतं, त्यामुळे त्याच प्रोटीनसाठी जास्त पैसे मोजण्यात मला अर्थ दिसला नाही.

चौथा वनस्पतीजन्य, मटार आणि तांदूळ यांचं मिश्रण. ही जोडी विचारपूर्वक केलेली असते: प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यांपैकी मटारात मिथिओनिन कमी, तांदळात लायसिन कमी, एकाची उणीव दुसरा भरून काढतो. स्नायूबांधणीला चालना देणारं अमिनो आम्ल ल्युसिन मात्र व्हेमध्ये दहा-अकरा टक्के असतं, मटारात आठच्या आसपास. म्हणून स्कूप मोठा घ्यावा लागतो. चव बरी होती, पण जिभेवर बारीक रवाळपणा राहायचा. कालवून दहा मिनिटं ठेवल्यावर तो बराच कमी झाला, ही गोष्ट डब्यावर लिहायला हवी होती. तांदूळ जमिनीतलं आर्सेनिक शोषतो, त्यामुळे या प्रकारात जड धातूंची चाचणी झालेलाच डबा घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन.

चाचणीवरून लेबलाकडे वळते, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. डब्यावरचं ठळक '२४ ग्रॅम' वाचायचं आणि लगेच स्कूपचं वजन शोधायचं. ३३ ग्रॅमला २४ म्हणजे ७३ टक्के, ठीक. ४६ ग्रॅमला २० म्हणजे निम्म्याहून कमी. उरलेलं काय आहे ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतं. दुसरी गोष्ट, प्रोटीन मोजायची जुनी आणि अजूनही चालणारी पद्धत योहान केल्डालने १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत शोधलेली. ती प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रोटीनचा आकडा काढते. त्यामुळे ग्लायसिन, टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्लं मिसळली की कागदावर प्रोटीन वाढतं, शरीराला पूर्ण प्रोटीन मिळत नाही. घटकांच्या यादीत ही नावं आणि सोबत प्रमाण न सांगणारं 'ब्लेंड' दिसलं की मी डबा परत फळीवर ठेवते.

स्पर्धेत उतरणाऱ्यांनी 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' यांसारखी, बंदी असलेल्या द्रव्यांची चाचणी झाल्याची खूण पाहिल्याशिवाय काही घेऊ नये. पावडरीत भेसळ निघाली तरी उत्तेजक चाचणीची जबाबदारी खेळाडूवरच येते.

एका डब्याबद्दल माझी तक्रार आहे. स्कूप ३३ ग्रॅमचा असं लिहिलेलं होतं. घरच्या वजनकाट्यावर सपाट भरून पाच वेळा मोजला, दर वेळी २७-२८ ग्रॅम. म्हणजे मी समजत होते त्यापेक्षा चार ग्रॅम प्रोटीन रोज कमी. कंपनीला लिहिलं तेव्हा पावडर कधी सैल, कधी दबलेली असते असं उत्तर आलं. ते खरंही असेल. मग डब्यावर 'वजन करून घ्या' असं छापा ना! लोक विश्वासाने मोजतात. तेव्हापासून स्कूप बाजूला, वजनकाटा ओट्यावर.

वेळेच्या बाबतीत मी उगाच धावपळ करत होते. अर्ध्या तासात प्रोटीन गेलंच पाहिजे या समजुतीला २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात फारसा आधार सापडला नाही. दिवसभरातलं एकूण प्रोटीन जास्त महत्त्वाचं ठरलं. त्याच दिवशी पुन्हा राइड असेल तर कार्ब्सची घाई करावी. मी आता आधी आंघोळ करते, मग शेक. पाण्याचा हिशेब वेगळा: राइडच्या आधी आणि नंतर वजन करते आणि जेवढे किलो घटले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पुढच्या काही तासांत थोडं थोडं पिते, मिठासकट. शेक हा पाण्याला पर्याय नव्हे.

चार डब्यांनंतर मी जे घेते ते असं: ३०० मिली दूध, एक केळं, चार छोटे चमचे साखर, कोको आणि बिनचवीच्या कॉन्सन्ट्रेटचा अर्धा स्कूप, वजन करून. साधारण ५५ ग्रॅम कार्ब्स, २२ ग्रॅम प्रोटीन. चॉकलेट दूध आणि सायकलपटू यांच्यावर २००६ मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता. नऊच सायकलपटू, पण त्यात साधं चॉकलेट दूध तयार कार्ब्स पेयापेक्षा सरस ठरलं होतं. तो वाचूनच मी दुधाकडे वळले. आणि दीड तासाच्या आत नीट जेवते, हे शेकइतकंच सांभाळते.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

शेकर तासाभरात धुतला नाही तर झाकणाच्या खोबणीतला वास जात नाही. दोन शेकर त्यात वाया गेले. आता मी रुंद तोंडाची काचेची बरणी वापरते, आत हात जातो. बिनचवीचं कॉन्सन्ट्रेट अजून दोन महिने पुरेल. त्यानंतर रात्री झोपण्याआधी घ्यायचं केसीन, म्हणजे दुधातलंच दुसरं प्रोटीन, आणायचं ठरवलं आहे. ते पोटात सावकाश पचतं आणि माझा शनिवार-रविवारमधला वेळ बहुतेक झोपेतच जातो. सहा आठवडे वापरून पाहीन.