अंत्यविधीचं ‘पॅकेज’ आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी

मोठ्या काकांच्या अंत्यविधीचं बिल ४५,४३० रुपये झालं. त्यातले ६,९३० रुपये जीएसटीचे. आपल्याकडे अंत्यविधीच्या सेवेवर जीएसटी लागतच नाही. दहन, दफन, शवागार, पार्थिवाची ने-आण, हे सगळं जीएसटी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत बाहेर ठेवलेलं आहे. जुलै २०२२ मध्ये ‘आता मरणावरही १८ टक्के कर’ असे मेसेज फिरले होते आणि सरकारला खुलासा करावा लागला होता की तो दर स्मशानभूमीच्या बांधकामाच्या कंत्राटांना आहे, अंत्यविधीला नाही. मेसेज लोकांच्या लक्षात राहिला, खुलासा विरून गेला. आमच्या माणसाने त्याचाच फायदा घेतला.

‘आमचा माणूस’ म्हणजे काका गेले त्या रुग्णालयाच्या वॉर्डबॉयने ज्याचं कार्ड दादाच्या हातात ठेवलं तो. (दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, काकांचा मुलगा.) रात्रीचे दहा वाजून गेलेले, काकू खुर्चीत सुन्न बसलेली, दादा बिलाच्या खिडकीपाशी. पंधरा मिनिटांत हा माणूस हजर. पांढरा शर्ट, अत्यंत मऊ बोलणं. मी विचारलं, साधारण किती होतील सगळे मिळून? तर म्हणाला, “ताई, आत्ता पैशाचं डोक्यात आणू नका. आधी काकांना नीट पोचवू, मग आपण बसू.”

हे वाक्य नीट ऐकून ठेवा. ते प्रेमाने म्हटल्यासारखं वाटतं आणि ऐकणाऱ्याला लगेच शरमल्यासारखं होतं. बाप गेलाय आणि ही भाव करतेय! भाजी घेताना पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारी आमच्या घरची माणसं त्या रात्री कुणी काही बोलली नाहीत. या धंद्याचं भांडवल गाडी नाही, बांबू नाही, ही शरम आहे.

आता बिल. गाडी ६,५००, कूलिंग पेटी ८,०००, सामान ५,५००, लाकूड ९,०००, गुरुजी ४,५००, ‘स्मशान व कागदपत्र’ ५,०००. बेरीज ३८,५००, त्यावर तो जीएसटी.

गाडी रुग्णालय ते घर आणि घर ते स्मशान अशी दोनदा धावली, दोन्ही अंतरं रिक्षाने जाण्याएवढी. गाडी एसी होती म्हणे. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी मंडळाची शववाहिका उभी असते, नुसत्या डिझेलच्या पैशात येते. पालिकेच्याही शववाहिन्या आहेत. पण कार्ड आधी हातात पडलं होतं.

पेटीचं गणित तर बघण्यासारखं आहे. धाकटी चुलत बहीण दुबईहून यायची होती म्हणून पार्थिव रात्रभर घरी ठेवलं. पेटी रात्री साडेअकराला आली, दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला गेली. पंधरा तासही नाहीत. भाडं दोन दिवसांचं, का? तर मधे तारीख बदलली! पेटी घेणार असाल तर आणणाऱ्या पोराकडूनच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: भाडं तासावर की दिवसावर, आणि दिवस कधीपासून कधीपर्यंत.

मर्तिकाच्या सामानाकडे सहसा कुणी निरखून बघत नाही. मी बघितलं, कारण मला तेव्हा दुसरं काही करायला सुचत नव्हतं. दोन बांबू, कामट्या, सुतळी, पांढरं कापड, मडकं, गोवऱ्या, कापूर, तीळ, गुलाल, हार. इथपर्यंत ठीक. बिलात ‘शुद्ध तूप’ आणि ‘चंदन’ असं वेगळं लिहिलेलं होतं. तुपाच्या डब्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं: फक्त पूजेसाठी, खाण्यास योग्य नाही. चंदन म्हणून जो तुकडा दिला तो बोटाएवढा होता, दगडावर घासला तरी वास नाही. गुरुजींनी तो हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता ठेवून दिला. ते बिचारे भले गृहस्थ. नंतर कळलं की ४,५०० मधले त्यांच्या हातात १,५०० पडले.

पण खरा हात मारला तो लाकडात. काकांनी दोनदा बोलून दाखवलं होतं की मला विजेच्या दाहिनीत द्या, उगाच झाडं जाळू नका. त्या माणसाने दुपारीच सांगून टाकलं, “मशीन बंद आहे. लाकूडच घ्यावं लागेल. आणि पालिकेचं लाकूड ओलं असतं, रात्रभर धुमसत राहतं, मी आपलं सुकं लाकूड पाठवतो.” आम्ही पोचलो तेव्हा चिता रचून तयार. आणि आमच्या डोळ्यांदेखत पलीकडे दुसरं पार्थिव विद्युतदाहिनीत गेलं. दादा चमकला, पण खांद्यावर मडकं घेतलेला माणूस तिथे काय भांडणार?

दहनाच्या नोंदीचा कागद आणायला मी नंतर स्मशानाच्या कार्यालयात गेले. कारकुनाने वही उघडून काकांचं नाव शोधलं, त्या ओळीत लिहिलं होतं: लाकूड, म.न.पा. म्हणजे आमच्या काकांना पालिकेच्या लाकडावर दिलं होतं, ज्याचा एक पैसा लागत नाही. मुंबईत पालिकेच्या स्मशानात प्रत्येक पार्थिवामागे ३०० किलो लाकूड मोफत मिळतं. ‘सुकं लाकूड’ कुठून आलंच नव्हतं. ९,००० रुपये निव्वळ हवेचे. मी त्या ओळीचा फोटो काढू का विचारलं, त्यांनी वही माझ्याकडे वळवली.

‘कागदपत्रां’चे ५,००० तितकेच पोकळ. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर निबंधकाला कळवणं हे कायद्याने रुग्णालयाचंच काम आहे. नोंद २१ दिवसांच्या आत झाली की विलंब शुल्क नाही, आणि दाखल्याची पहिली प्रत मोफत द्यायची असं जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातच आहे. आमचा दाखला दादाने वॉर्ड ऑफिसातून स्वतः आणला. त्या माणसाने फक्त काकांच्या आधार कार्डाची झेरॉक्स नेली होती, तीही परत केली नाही. झेरॉक्स द्यायचीच झाली तर तिच्यावर आडवं लिहा, ‘फक्त अंत्यविधीसाठी’, आणि तारीख टाका. घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र (नमुना ४अ) लागतं, ते आधी हातात घ्या. तेही मिळवून देतो म्हणणारे असतात. त्यांच्यापासून चार हात लांबच बरं.

तिसऱ्या दिवशी त्याचा परत फोन. अस्थी रामकुंडावर न्यायच्या तर गाडी, गुरुजी, जेवण सकट पॅकेज, शिवाय दहावं-तेरावं घेतलं तर सवलत. सवलत! तेव्हा काकू पहिल्यांदा बोलली: “त्याला आधी बिल पाठवायला सांग.”

बिल मागितल्यावर मऊ आवाज गेला. “असल्या कामाची कुणी बिलं मागतं का ताई?” दोन दिवस टाळाटाळ, मग व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो. वर ओम, खाली रबरी शिक्का, मधे जीएसटी क्रमांक. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. याचा २७ ने सुरू होत होता, पण मोजले तर १४ च. जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही क्रमांक टाकून व्यापाऱ्याचं नाव बघता येतं, पण याचा टाकून उपयोगच नव्हता.

दादाचा एक मित्र सीए आहे. त्याने तीन ओळींचा मेसेज लिहून दिला: अंत्यविधी सेवेवर जीएसटी नाही. नोंदणी नसताना जीएसटी गोळा करणं कायद्याने मना आहे. रक्कम परत न आल्यास जीएसटी कार्यालयात हा फोटो देणार आहोत. ६,९३० रुपये त्याच संध्याकाळी जीपेवर परत. एक शब्द नाही. बाकीच्या पैशांवर मात्र तो अडून बसला, कारण त्यातले २०,००० त्याने रोख घेतले होते. एवढं एक तरी पाळा: रोख देऊ नका, आणि दिलीच तर ‘मिळाले’ असा मेसेज त्याच्याकडून घ्या.

मग दादाने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून समेटाचा प्रयत्न होतो, पण त्या माणसाने फोनच उचलला नाही. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि मोफत लाकूड विकणं तर उघड फसवणूक. मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, त्यामुळे तेरावं उरकून, जरा सावरून केली तरी चालते. लोकांना वाटतं की वेळ गेली, ती गेलेली नसते. पालिकेच्या मोफत सेवेबद्दल या आयोगात जाता येत नाही, पण ज्याला पैसे मोजले त्याच्याबद्दल जाता येतं.

वसईच्या माझ्या ख्रिस्ती मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडे शवपेटीत हेच चालतं. स्वस्तातली पेटी नेमकी ‘आजच संपलेली’ असते. त्यांच्या घरी आता एक पद्धत आहे. दुःखाच्या घरातलं कुणी व्यवहाराला जात नाही, शेजारचा किंवा लांबचा जावई जातो, प्रत्येक वस्तूचा भाव सुटा विचारतो आणि कागदावर लिहून मागतो. पूर्वी चाळीत असा एक माणूस असायचाच. आमच्या सोसायटीत आम्ही तिघांची नावं ठरवून लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावली, खाली मंडळाच्या शववाहिकेचा नंबर आणि पालिकेचा १९१६. दोघातिघांना ते अशुभ वाटलं. वाटू दे.

आयोगात तक्रार दाखल झाल्यावर त्या माणसाचा दादाला निरोप आला: ५,००० देतो, प्रकरण मिटवा. दादाने कळवलं, लाकडाचे पूर्ण ९,००० दे, पावतीसकट, मग पेटीच्या दुसऱ्या दिवसाबद्दल बोलू. यावर अजून त्याचं उत्तर नाही, तारीख पुढच्या महिन्यात आहे.