चटई अंथरलेली बैठक: रत्नागिरीतल्या नार्कोलेप्सी आधारगटाविषयी

नार्कोलेप्सी म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार. त्याच्या रुग्णांची ही बैठक सकाळी दहाला सुरू होते आणि साडेअकराला मधली सुट्टी होते. सुट्टीत चहा नसतो. पडवीत चटया अंथरतात, वीस मिनिटांचा गजर लावतात आणि ज्याला झोप येते तो झोपतो. गजर वाजल्यावरही पाचेक मिनिटं कुणी कुणाला काही विचारत नाही, कारण डोकं ठिकाणावर यायला तेवढा वेळ लागतो. ठरलेल्या वेळेची ही छोटी डुलकी उपचाराचाच भाग आहे, आणि तिच्यासाठी बैठकीत जागा ठेवणाऱ्यांना आजार नीट कळला आहे. एकच्या आत सगळे मोकळे होतात. भात आणि माशाचं सार पोटात गेल्यावर इथे कुणाचाच डोळा उघडा राहणार नाही!

दर दोन हजारांत साधारण एकाला हा आजार असतो, असा ढोबळ अंदाज आहे. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाखांवर होती, म्हणजे रुग्ण आठशेच्या घरात असायला हवेत. बैठकीला येतात पंधरा-वीस. बाकीच्यांपैकी कुणी फिटच्या गोळ्या खात असेल, कुणी आळशी म्हणून बोलणी खात असेल, कुणासाठी देवळात गाऱ्हाणं घातलं जात असेल. झोप लागताना किंवा जाग येताना अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, खोलीत माणूस दिसतो. हे ऐकलं की ‘बाहेरचं आहे’ असंच घरच्यांच्या तोंडी येतं. गट कुणाच्या देवाधर्माची टिंगल करत नाही. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये हायपोक्रेटिन हे जाग टिकवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी नाहीशा झाल्या की स्वप्नांची झोप जागेपणात घुसते, एवढं समजावतो. गाऱ्हाणं घाला, पण तपासणीची तारीखही घ्या, हा त्यांचा सूर कोकणात चालण्यासारखा आहे.

सगळ्यात मोलाचा अर्धा तास नातेवाइकांचा. हसू फुटलं, एकदम आश्चर्य वाटलं की काहींचे गुडघे ढिले पडतात, मान लटकते, जीभ अडखळते. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. दशावतारात विनोदी प्रसंग रंगला की प्रेक्षकांतला एखादा असा खाली बसतो आणि आजूबाजूचे धावतात. अशा वेळी कांदा हुंगवायचा नाही, चप्पल तर नाहीच, तोंडात पाणी घालायचं नाही. माणूस शुद्धीवर असतो, सगळं ऐकत असतो, फक्त हलू शकत नाही. डोकं आपटणार नाही एवढं बघायचं आणि थांबायचं. बहुतेक वेळा काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत तो उठतो. शुद्ध हरपली, जीभ चावली गेली किंवा नंतर बराच वेळ भ्रम राहिला, तर ते वेगळं काही असू शकतं आणि डॉक्टर गाठायचा. हे प्रत्यक्ष करून दाखवतात. आईवडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण इथे उतरतो.

तपासणीच्या तयारीचा कागदही चोख आहे. रात्रभर पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे झोपेची यंत्रावर नोंद, आणि दुसऱ्या दिवशी एमएसएलटी, म्हणजे दिवसा झोप किती लवकर लागते याची चाचणी: दर दोन तासांनी, अशा पाच डुलक्या. झोप लागायला सरासरी आठ मिनिटं किंवा कमी लागली आणि किमान दोनदा स्वप्नांची झोप पहिल्या पंधरा मिनिटांत आली, तर निदानाला बळ मिळतं (त्यातली एक आदल्या रात्रीची चालते). यात घोळ कुठे होतो? मुंबईला तपासणी म्हणून कोकणकन्येने रात्रभर जागत जाणं. आधीच अपुरी झोप झाली तर निकालच भरवशाचा राहत नाही. त्यापेक्षा दिवसाची मांडवी धरावी, एक-दोन रात्री तिथे नीट झोपावं. दोन आठवडे झोपेची वही लिहावी. नैराश्यावरच्या गोळ्या स्वप्नांची झोप दाबतात, म्हणून त्या साधारण दोन आठवडे आधी बंद ठेवाव्या लागतात. मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही.

औषधांच्या बाबतीत मात्र गट सैल आहे. मधल्या वेळेत मोडाफिनिलच्या, म्हणजे जागं ठेवणाऱ्या औषधाच्या, गोळ्या एकमेकांना दिल्या जातात. हे थांबायला हवं. ही गोळी सकाळीच घ्यायची असते, उशिरा घेतली तर रात्रीची झोप बिघडते. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम ती कमी करते, आणि मोडाफिनिल थांबवल्यावरही महिनाभर. बायकांना हे वेगळं बसवून सांगायला हवं. आत्ता ओझरतं सांगितलं जातं. अंगावर पुरळ उठलं तर गोळी बंद करून डॉक्टरांकडे जायचं, हेही कागदावर हवं. कॅटाप्लेक्सीसाठी व्हेन्लाफॅक्सिन चालू असेल तर ती एकदम संपू देऊ नये, झटके उसळून येतात. तालुक्याच्या दुकानात माल नसतो, तेव्हा पंधरा दिवसांचा साठा घरात असू द्यावा.

दुसरी कुरबुर प्रमाणपत्राची. २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत नार्कोलेप्सीचं नाव नाही, तरी ‘अर्ज करा, मिळेल’ असा दिलासा दिला जातो. खोटी आशा लावण्यापेक्षा कामावर डुलकीची वेळ मागणारी डॉक्टरांची चिठ्ठी कशी घ्यावी, हे शिकवावं.

पावसात बैठका बंद पडतात. तेव्हा ‘जोडी’ कामाला येते: दोघांनी रोज तिन्हीसांजेच्या आधी एकमेकांना फोन करायचा. कुणी विहिरीवर एकट्याने गेलं का, विळीवर मासे चिरताना डुलकी आली का, स्कूटर कुणी चालवली, असं सरळ विचारतात. फोन आला नाही तर घरच्यांना कळवतात.

दापोली किंवा सावंतवाडीहून येणाऱ्यांना मात्र सकाळी दहा जमत नाही. त्यांनी जोडीपुरतं नाव द्यावं आणि कागद मागवून घ्यावा. बैठकीला यायचं तर बरोबर कुणीतरी जागं राहणारं आणावं, परतीच्या एस्टीत उतरायची जागा चुकू नये म्हणून. चटई तिथे मिळते, उशी आपली न्यावी.