ऑक्टाव्हियात पेंटोसिन सीएचएफ ११एस : नाशिकचा उन्हाळा, पावसाळा आणि थंडी काढल्यानंतर

निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचायची गरज नाही. पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया असेल तर पॉवर स्टीअरिंगच्या टाकीत हिरवं सिंथेटिक हायड्रॉलिक ऑइलच घाला; मी घातलं ते पेंटोसिन कंपनीचं सीएचएफ ११एस. लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, तीन-चार पटीने स्वस्त मिळतं, कुठल्याही दुकानात मिळतं आणि गाडी त्यावर चालतेही. तरीही नको. का, ते सविस्तर लिहितो.

माझी गाडी २००७ची, १.९ टीडीआय डिझेल, तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याच्या कारखान्यातून निघालेली. सेकंडहँड घेतली. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण पार्किंगमधून काढताना स्टीअरिंग वळवलं की बोनेटखालून कण्हल्यासारखा आवाज यायचा. सकाळी जास्त, गाडी तापली की कमी. फुल लॉकपर्यंत, म्हणजे स्टीअरिंग वळेल तेवढं टोकापर्यंत, नेलं की सोसायटीतले लोक वळून बघायचे. दाखवली त्या प्रत्येकाने एकच सांगितलं, पंप गेला, बदला.

पंपाला हात लावण्याआधी टाकीचं झाकण उघडून बघितलं. या ऑक्टाव्हियात ते काळं झाकण हाताने सुटत नाही, वरच्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून फिरवावं लागतं. झाकणालाच खाली पट्टी असते. ती पांढऱ्या टिश्यूवर टेकवली तर डाग उठला तांबूस-तपकिरी, आणि वासाला जळकट. या गाडीला फोक्सवॅगनचा जी ००२ ००० क्रमांकाचा द्रव लागतो आणि तो हिरवा असतो. म्हणजे कुठल्यातरी गॅरेजात कधीतरी कुणीतरी लाल ऑइल ओतलेलं होतं. कुणी ते शोधण्यात अर्थ नव्हता.

इथे थोडं थांबून हे लाल-हिरवं प्रकरण सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्यातच आहे. आपल्याकडे 'युरोपियन गाडी म्हणजे हिरवं ऑइल' असं सरसकट सांगतात. ते चूक आहे. बीएमडब्ल्यूची ई४६ ३ सीरीज घ्या, बहुतेक गाड्यांच्या टाकीच्या झाकणावर स्वच्छ एटीएफ लिहिलेलं असतं. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलवर, कधी एकाच मॉडेलच्या वेगळ्या प्रकारावर, सीएचएफ ११एस लिहिलेलं सापडतं. मर्सिडीजच्या जुन्या डब्ल्यू१२४ला २३६.३ या क्रमांकाचं ऑइल लागतं. सिट्रोएनच्या जुन्या हायड्रोन्यूमॅटिक (तेल आणि वायूच्या सस्पेन्शनच्या) गाड्यांचं एलएचएम नावाचं ऑइलही हिरवंच असतं, पण ते वेगळं खनिज तेल आहे आणि ऑक्टाव्हियात घालायचं नाही. कूलंटसुद्धा हिरवा मिळतोच. त्यामुळे रंगावरून खरेदी करणं म्हणजे गोळ्यांच्या रंगावरून औषध घेणं. झाकण वाचा, मॅन्युअल वाचा, आणि डब्याच्या मागे तोच क्रमांक छापलाय का ते बघा. रंगाचा उपयोग एवढाच की आत भलतंच काही आहे का, हे टिश्यूवर चटकन कळतं.

ऑक्टाव्हियासाठी डब्यावर जी ००२ ००० किंवा टीएल ५२१ ४६ दिसलं पाहिजे. फोक्सवॅगन गटात पुढे जी ००४ ००० आलं, काउंटरवर जुन्याच्या जागी तेच देतात आणि ते चालतं. बाहेरच्या बाजारात पेंटोसिन सीएचएफ ११एस, फेबीचं ०६१६१, लिक्वी मोलीचं सेंट्रल हायड्रॉलिक ऑइल असे पर्याय आहेत. मी पेंटोसिन घेतलं ते जर्मन कंपन्या गाडी बनवतानाच ज्यांचं ऑइल वापरत आल्या त्यांचंच घ्यावं म्हणून. फेबीचं घेतलं असतं तरी माझं मत बदललं नसतं. डबा मात्र ओळखीच्या वितरकाकडून घ्या, सील तपासून.

आता बदलण्याबद्दल. टाकीतलं सिरिंजने काढून नवीन ओतायचं, असा शॉर्टकट बरेच जण सुचवतात. त्याने फक्त टाकीतलं बदलतं. रॅकमध्ये (चाकं वळवणाऱ्या आडव्या यंत्रणेत), पंपात आणि नळ्यांमध्ये जुनं तसंच राहतं. आम्ही पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, टाकीला परत येणारी नळी सोडून बाटलीत धरली, टाकीचं ते तोंड बुचाने बंद केलं आणि इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिलो. एक जण वर नवीन ओततोय, दुसरा फिरवतोय. बाटलीत आधी चहासारखं तपकिरी आलं, मग मळकट, मग हळूहळू पोपटी. यात घाई केली आणि टाकी रिकामी पडली की हवा आत शिरते, आणि मग तीच हवा पुन्हा आवाज करते. सिस्टीममध्ये साधारण लिटरभर मावतं, पण धुवून काढायला दोन डबे लागतात. एक डबा आणून काम उरकायला बसू नका.

काही आठवड्यांनी पट्टी पुन्हा टिश्यूवर टेकवली तर हिरव्यात किंचित तपकिरी झाक होती. रॅकमधलं उरलेलं मिसळलं होतं. टाकीपुरतं अजून एकदा बदललं, तेव्हापासून डाग स्वच्छ आहे.

फरक किती पडला, हे सांगताना प्रामाणिकपणे एक गोष्ट वेगळी काढतो. ऑइल बदलण्याच्या आधी टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या नळीचा क्लॅम्प सैल सापडला होता. तिथून हवा ओढली जात होती, टाकीत बारीक फेस दिसायचा. क्लॅम्प बदलल्यावर, लाल ऑइल आत असतानाच, आवाज निम्मा झाला होता. उरलेला निम्मा गेला तो हिरवं ऑइल भरल्यावर. म्हणून सगळं श्रेय ऑइलला देणार नाही. तुमच्या गाडीत आवाज असेल तर आधी फेस बघा, क्लॅम्प बघा, पातळी बघा.

उन्हाळ्यात खरं सांगायचं तर मला काही मोठा फरक जाणवला नाही. त्याचं कारण आकड्यांत आहे. १०० अंश सेल्सिअसला एटीएफ आणि सीएचएफ ११एस यांचा दाटपणा जवळपास सारखाच, एटीएफचा ७ सेंटिस्टोकच्या (दाटपणा मोजायचं एकक) आसपास तर सीएचएफचा ६. खरी तफावत थंडीत. ४० अंशालाच एटीएफ जवळपास दुप्पट दाट असतं आणि तापमान खाली जाईल तशी दरी वाढत जाते. उणे ४० अंशाला तर हिरवं ऑइल वाहत असतं आणि जुन्या प्रकारचं एटीएफ मधासारखं घट्ट झालेलं असतं. स्वीडन-जर्मनीच्या गाड्यांना हिरवं ऑइल लागतं ते यासाठी. आपल्याकडे उणे ४० कुठे, असं कुणी म्हणेल. पण नाशिकची थंडी साधी नसते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली येतो, निफाडकडे त्याहून खाली. गेल्या हिवाळ्यात पहाटे गाडी काढताना पहिल्या वळणाला स्टीअरिंग जड लागायचं आणि आवाज सगळ्यात मोठा असायचा. या हिवाळ्यात गाडी सुरू करताच स्टीअरिंग हलकं, आवाज नाही. पंपाचा नेहमीचा बारीक गुंजारव तेवढा असतो, तोही कान देऊन ऐकला तर.

हिरव्याच्या बाजूने माझ्या दृष्टीने याहून मोठं कारण सीलचं आहे. रॅक आणि पंपातल्या रबराच्या सील कुठल्या द्रवात राहायच्या, हे ठरवूनच बनवलेल्या असतात. दुसरं तेल घातलं म्हणजे आजच्या आज फुटतील असं नव्हे. पण सील फुगणं किंवा आक्रसणं, झिरपणं, हे हळूहळू होतं आणि तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही. रॅकचा खर्च ज्याने एकदा केलाय त्याला दोन डब्यांची किंमत कधीच जास्त वाटणार नाही. हे दोन्ही द्रव एकमेकांत मिसळून टॉप-अप करत राहणं तर सगळ्यात वाईट, कारण मग आत नेमकं काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही. आणि ब्रेक ऑइल चुकूनसुद्धा नाही. ते ग्लायकॉलचं असतं, या सीलची वाट लावतं. चुकून पडलंच तर गाडी सुरू न करता सगळं काढून धुवून घ्या.

जे सुधारलं नाही तेही लिहितो. रॅकच्या डाव्या बुटाशी (टोकावरच्या रबरी आवरणाशी) ओल होती ती अजूनही आहे. योग्य ऑइलने जुनी गळती थांबत नाही. पावसाळ्यात कसारा घाटाने येऊन-जाऊन पातळी थोडी उतरली, ती डब्यात राहिलेल्या ऑइलने भरून घेतली. गळती थांबवणारं औषध टाका असं दोघांनी सुचवलं. मी टाकलं नाही आणि टाकणारही नाही. सील फुगवून गळती झाकणारी गोष्ट त्याच सीलना पुढे कुठे नेते, याचा विचार करायला हवा.

पातळी बघताना गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ. गाडी थंड असेल तर पातळी खालच्या खुणेच्या आसपास असली तरी पुरे, तापल्यावर ती दोन खुणांच्या मध्ये येते. थंड गाडीत वरच्या खुणेपर्यंत भरणारे गॅरेजवाले बरेच आहेत, मग तापल्यावर झाकणाशी ओघळ दिसतो आणि गळतीचं बिल लागतं. पार्किंगमध्ये स्टीअरिंग फुल लॉकला दाबून धरायची सवय असेल तर ती मोडा. त्या वेळी पंपाचा दाब १०० बारच्या आसपास जातो आणि ऑइल फार पटकन तापतं.

ज्यांच्याकडे लॉरा आहे त्यांच्यासाठी शेवटचं. दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया आपल्याकडे लॉरा नावाने आली आणि तिचं स्टीअरिंग इलेक्ट्रिक मोटरवर चालतं. टाकीच नाही, पंपही नाही. तिच्या सर्व्हिसच्या बिलात स्टीअरिंग ऑइल लावलेलं दिसलं तर पैसे देण्याआधी बोनेट उघडून ते नेमकं कुठे घातलं ते दाखवायला सांगा.